पस्तीस पावलांचं काडतूस

ऑगस्टमधला एक रविवार, सकाळचे साडेनऊ. पैज एका नाश्त्याची. त्या दिवशीच्या दराने तिघांचे मिळून अकरा डॉलर चाळीस सेंट. हजर तिघे: अंकल टॅन, श्रीयुत सोनवणे आणि मी. ठिकाण सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या आमच्या ब्लॉकच्या तळमजल्यावरचं कॉफी शॉप. पैजेचा विषय असा, की टेक्सासमध्ये रिव्हॉल्व्हरने हरीण आणि रानडुक्कर मारायचं असेल, तर काडतूस कोणतं घ्यावं.

पैज लावणाऱ्या दोघांपैकी एकानेही जनावर मारलेलं नव्हतं. आणि ज्या देशात बसून ती लागली, तिथे बाळगण्याचा परवाना नसताना खिशात काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली तरी पोलीस दारात येतात. माझं सगळं आयुष्य हिशेबाच्या नोकरीत गेलं. मी पैज लावत नाही, म्हणून मला पंच नेमलं होतं.

अंकल टॅन सैन्यातून निवृत्त झालेले. रंगरुटांना रायफल शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांचं मत मोठ्या काडतुसाला, म्हणजे पॉइंट फोर्टी-फोर मॅग्नमला. "बिग वन बेटर ला," ते त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "स्मॉल वन, पिग ओन्ली गेट अँग्री."

सोनवण्यांचं मत लहानाला, पॉइंट थ्री फिफ्टी-सेव्हनला. त्यांनी कारण लगेच दिलं नाही. कॉफीत चमचा फिरवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "किती अंतरावरून, अंकल?"

हा प्रश्न ज्याने ऐकला नाही, त्याला सोनवणे भेटले नाहीत असंच म्हणावं लागेल.

सोनवणे आमच्याच मजल्यावर, आमच्यापासून चौथ्या दारात राहत. बुटके, रुंद खांद्यांचे, शर्टाला नेहमी इस्त्री. बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत ते धातूंच्या चाचण्या करत. त्याआधीची बावीस वर्षं विदर्भातल्या एका सरकारी कारखान्यात काडतुसं तपासण्यात गेली होती. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी जाडी मोजायचा एक व्हर्नियर कॅलिपर असे. तो ते कधी काढतील याचा नेम नसे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी थालीपीठ उचललं, कॅलिपरच्या दोन जबड्यांत धरलं आणि म्हणाले, "मध्ये चार पॉइंट दोन, कडेला तीन पॉइंट नऊ. वहिनी, हात स्थिर आहे तुमचा." माझी बायको वृंदा हे वाक्य आजही पाहुण्यांना सांगते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला तिचा हात स्थिर आहे हे सांगायचं सुचलं नव्हतं.

"किती अंतरावरून?" हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. एकदा गणपतीत बँकेतले एक गृहस्थ कोणाच्या तरी मुलाबद्दल बोलत होते. "वाया गेलाय पोरगा, मला दिसतंय ना."

"किती अंतरावरून?" सोनवणे म्हणाले.

"म्हणजे?"

"तुम्ही तांजोंग पगारला असता. मुलगा मेलबर्नला आहे. म्हणून विचारलं."

गृहस्थ मोदकाकडे वळले. घरी परतताना मी म्हटलं, "सोनवणेसाहेब, माणूस दुखावला." ते म्हणाले, "कारखान्यात निकालाच्या रकान्यात काहीही लिहा, अंतर लिहिलं नसेल तर साहेब कागद परत पाठवायचे. वीस मीटरवर फळी फोडणारी गोळी दोनशे मीटरवर काय करेल, कोण सांगणार? तीच सवय लागली."

आमची खरी ओळख झाली ती एका पार्सलमुळे. मी पुण्याला निघालो होतो आणि पुढे कामासाठी नागपूरला जाणार होतो. आपल्याकडे परदेशातून कोणी गावी जातोय म्हटलं की त्याची परतीची बॅग ही सार्वजनिक मालमत्ता होते. सोनवण्यांच्या भावाने मला नागपुरात एक डबा दिला, "दादाला जवसाची चटणी." मी कोणाचंही पार्सल उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत ठेवत नाही. याबद्दल नातेवाईक मला नावं ठेवतात. हॉटेलवर डबा उघडला, तर चटणीच्या पिशवीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाकडी पट्टी, आणि तिच्यावर बसवलेली चकचकीत पितळी पुंगळी. खाली सोनवण्यांचं नाव आणि 'सप्रेम भेट'. कारखान्यातल्या निरोप समारंभात मिळालेलं स्मृतिचिन्ह. भावाला वाटलं होतं, दादाला अचानक आनंद द्यावा.

मी ते रिक्षाने परत नेऊन दिलं आणि चटणी तेवढी आणली. इथे आल्यावर सोनवण्यांच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. "इथे येताना मी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं," ते म्हणाले. "इथे रिकामी पुंगळीसुद्धा चालत नाही, हे मला माहीत. भावाला काय माहीत? देवधर, तुम्ही पार्सल उघडलं म्हणून आपण दोघं आज समोरासमोर बोलतोय." त्या दिवसापासून रविवारच्या टेबलावर मला खुर्ची मिळाली.

त्यांच्या घरात शिरलं की समोर बुद्धाची पांढरी मूर्ती. सोनवणे रोज सकाळी आंघोळीनंतर तिच्यासमोर उभे राहून वंदना म्हणत, मग पंचशील. आवाज कॉरिडॉरपर्यंत येई. पंचशीलातलं पहिलं शील जीवहत्येपासून दूर राहण्याचं. घरातल्या भांडणाचं मूळ तिथेच होतं. ते मला त्यांच्या पत्नीने, कुंदावहिनींनी सांगितलं, कारण सोनवणे सांगणार नव्हते.

त्यांची एकुलती एक मुलगी प्राची. इथेच शाळा शिकली, पुढे टेक्सासला गेली आणि तिथल्या डेल नावाच्या मुलाशी लग्न ठरवून तिने फोन केला. सोनवण्यांनी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, पगार विचारला नाही. विचारलं, "घरात बंदुका किती?" मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, अकरा. सोनवणे म्हणाले, "ज्या घरात अकरा बंदुका आहेत, त्या घराचा उंबरठा मी ओलांडणार नाही. तिथे कसली माणसं राहत असतील ते मला कळतं."

प्राची म्हणाली, "बाबा, ते फक्त विकत घेतात. तुम्ही बनवायचात. रोज सकाळी पहिलं शील म्हणून कामावर जायचात."

फोन बंद झाला. लग्नाला कुंदावहिनी एकट्या गेल्या. मुलीचे फोन आईला येत राहिले, बाबांना नाही. दोन वर्षं. सोनवणे वंदना म्हणत राहिले, पण वहिनी म्हणाल्या, "पहिल्या शीलापाशी आवाज खाली जातो त्यांचा. तुम्ही ऐकलंत का कधी?" मग मीही ऐकलं. खरंच जात होता.

अशा घरात तो प्रश्न आला. मी त्या वेळी तिथेच होतो, गळणाऱ्या एसीबद्दल विचारायला गेलो होतो. वहिनी स्पीकरवर बोलत होत्या. प्राची सांगत होती की सासऱ्यांच्या शेतात रानडुकरांनी धुमाकूळ घातलाय, रात्रीत अख्खं कुरण उकरून टाकतात. नोव्हेंबरात हरणांचा मोसम. घरात नव्या आलेल्या माणसाने एकदा तरी शिकारीला यायचं आणि रिव्हॉल्व्हरच वापरायचं, ही त्यांची पद्धत. सासरे फोर्टी-फोर घे म्हणतायत, घरात थ्री फिफ्टी-सेव्हनही आहे.

"आई, बाबांना विचार ना, कोणतं घेऊ."

सोनवणे तीन फुटांवर बसले होते. "तिला विचार, जायचंच आहे का?"

"आई, त्यांना सांग, जायचंच आहे."

"तिला विचार, मनगट कसं आहे? शाळेत बॅडमिंटन खेळताना दुखायचं."

"त्यांना सांग, तसंच आहे."

वहिनींनी फोन टेबलावर आपटला. "मी काय टपाल खातं आहे का? एकाच स्पीकरवर बोलताय दोघं."

मग सोनवणे फोनकडे सरकून म्हणाले, "पुढच्या रविवारी फोन कर. विचार करून सांगतो."

त्याच दिवशी खाली जाऊन त्यांनी अंकल टॅनना हे सांगितलं आणि पैज लागली. मोठं की लहान, याचा निर्णय शिकारीच्या दिवशी होणार होता: लहान गोळीने डुक्कर दहा पावलांच्या आत पडलं तर सोनवणे जिंकले, जखमी होऊन पळालं तर अंकल.

पण मला त्यांचं वागणं समजेना. हा माणूस प्रयोगशाळेत एका ओळीत निकाल देणारा. मला एकदा प्रेशर कुकरचं झाकण बघून म्हणाला होता, "फेका." दुसरा शब्द नाही. इथे मात्र पहिल्या रविवारी त्यांनी मुलीला फक्त गोळीचं वजन समजावलं. लहानाची गोळी साधारण तोळाभर, मोठ्याची दीड तोळा. दुसऱ्या रविवारी गोळीचं नाक. हरणाचं अंग पातळ, तिथे आत जाऊन उमलणारी गोळी हवी. रानडुकराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा जाड थर असतो. उमलणारी गोळी तिथेच अडकते, म्हणून त्याच्यासाठी टणक, चपट्या नाकाची, जराशी जड. तिसऱ्या रविवारी गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का. चौथ्या रविवारी पुन्हा वजन.

मी वृंदाला म्हटलं, "चार वाक्यांचं उत्तर आहे. चार रविवार कशाला?"

ती कणीक मळत होती. "अहो, उत्तर संपलं की फोन संपेल," ती म्हणाली. "तुम्ही पंच आहात ना? एवढंही दिसत नाही?"

पाचव्या रविवारी व्हिडिओ कॉल. सोनवण्यांनी रिव्हॉल्व्हरच्या वजनाइतकं पाणी एका बाटलीत मोजून भरलं आणि तिकडे प्राचीलाही तसंच करायला लावलं. मग बाप सिंगापुरात आणि मुलगी टेक्सासात, दोघं हात लांब करून बाटल्या धरून उभे. मी आणि वहिनी सोफ्यावर.

"थरथरतोय," सोनवणे म्हणाले.

"माझा की तुमचा?"

"दोघांचा. माझं वय आहे. तुझं काय?"

"बाबा, आय ॲम होल्डिंग अ बॉटल लाइक अ मॅड पर्सन. डेल हसतोय इथे."

"त्यालाही धरायला सांग."

डेलने धरली. पडद्यावर एक लांबलचक, तांबूस दाढीचा तरुण आला आणि बाटली पुढे करून गंभीर चेहऱ्याने उभा राहिला. सोनवण्यांनी जावयाला प्रथमच पाहिलं ते असं. बराच वेळ निरीक्षण करून ते मला मराठीत म्हणाले, "खांदा बरा आहे याचा." मग कॅमेऱ्यापासून तोंड फिरवलं.

खाली कॉफी शॉपमध्ये मी त्यांना सरळ विचारलं. "सोनवणेसाहेब, रोज पहिलं शील म्हणता आणि मुलीला शिकारीचं काडतूस निवडून देता. हे जुळवता कसं?"

ते रागावले नाहीत. "जुळत नाही," म्हणाले. "बावीस वर्षं जुळलं नाही. आमच्याकडे गोळी पाइनच्या फळ्यांत मारायची. किती फळ्या फुटल्या ते लिहायचं. फळी ओरडत नाही, देवधर." मग म्हणाले, "मारायचं तिने ठरवलंय. ते तिचं. पण मोठ्या काडतुसाच्या धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. मग गोळी पोटात लागते. ते जनावर झुडपात जाऊन दोन दिवस मरत राहतं. तेवढं तरी माझ्या उत्तराने टळावं. लोक जनावर बघून काडतूस निवडतात. काडतूस हात बघून निवडायचं असतं."

"पण मग लहान गोळी कमी पडली तर?"

"पडेलच. लांबून पडेल. म्हणून जवळ जायचं. जाता येत नसेल तर परत फिरायचं."

पुढच्या रविवारी त्यांनी मुलीला शेवटचं सांगितलं. लहान काडतूस घे. सरावाला त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये बसणारं थर्टी-एट स्पेशल वापर, त्याचा धक्का आणखी कमी. कानाला संरक्षण हवंच. आणि पस्तीस पावलांपलीकडे बंदूक उचलायची नाही, समोर काहीही असो.

"पस्तीसच का, बाबा?"

"बाटली धरलीस तेव्हा तुझा हात बघितला. त्या हाताचं पस्तीस. माझा असता तर वीस."

उत्तर संपलं. मी मनात म्हटलं, आता फोनही संपला. ऑक्टोबरातले दोन रविवार तसेच गेले. सोनवणे साडेनऊला खाली येत, फोन उलटा करून टेबलावर ठेवत, कॅलिपरने टोस्ट मोजत आणि खात नसत. अंकल टॅनसुद्धा पैजेचं नाव काढत नव्हते. तिसऱ्या रविवारी फोन वाजला. प्राचीला काडतुसाबद्दल काहीच विचारायचं नव्हतं. भेंडी चिकट का होते, एवढंच विचारायचं होतं, आणि तो प्रश्न तिने आईला नाही, बाबांना विचारला. सोनवणे भेंडीबद्दल वीस मिनिटं बोलले. त्यांना भेंडीतलं काही कळत नव्हतं.

निकाल आला नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. सोनवण्यांनी पंचासमोर ऐकायचं म्हणून फोन कॉफी शॉपच्या टेबलावर स्पीकरवर ठेवला.

"सो?" अंकल टॅन फोनवर वाकले. "बिग वन ऑर स्मॉल वन?"

"स्मॉल वन, अंकल. डुक्कर. ट्वेंटी पेसेस. एकच गोळी. चार पावलं गेलं आणि बसलं."

अंकलनी दोन्ही हात वर केले. "ओके ला. आय पे."

"आणि हरीण?" सोनवण्यांनी विचारलं.

"आलं होतं, बाबा. मोठं होतं. साठ पावलांवर उभं राहिलं, किती वेळ. डेलचे डॅड म्हणाले, मार, इझी शॉट आहे. मी म्हटलं, माझी लिमिट पस्तीस आहे. ते म्हणाले, हू सेड? म्हटलं, माय फादर."

"मग?"

"मग गेलं ते. डॅड म्हणाले, त्या माणसाला इथे घेऊन ये, मला त्याच्याशी भांडायचंय."

अंकल टॅन हसले. सोनवणे हसले नाहीत, कारण पलीकडे प्राचीचा आवाज बदलला होता.

"बाबा, डुक्कर पडलं ना, मी जवळ जाऊन बघितलं. डोळा उघडा होता. दिवसभर मला जेवण गेलं नाही. डेलच्या डॅडनाही जात नाही, ते म्हणाले, पन्नास वर्षं झाली तरी पहिल्या दिवशी त्यांना जेवण जात नाही. तुम्ही कधी बघितलंय का, गोळीने काय होतं ते?"

"नाही."

"आणि या घरात कसली माणसं राहतात, ते तुम्ही सांगितलं होतं." ती थांबली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "बाबा, ते किती अंतरावरून?"

सोनवण्यांनी खिशातून कॅलिपर काढला. उघडला, मिटला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी कप गोळा करत होतं.

"सोळा हजार किलोमीटर," ते म्हणाले. "जास्तच असेल थोडं."

"मग?"

"मग तो कागद परत पाठवायला हवा होता साहेबांनी."

त्यांनी डिसेंबरातली तिकिटं काढली. त्याच सुमारास त्यांची नोकरीही संपत आली होती, फ्लॅट भाड्याचाच होता. टेक्सासात तीन महिने राहून ते तिकडूनच नागपूरला जायचे होते, आणि तसेच गेले. फोनवर आमचं बोलणं होतं. मी काही ठाम सांगायला लागलो की पलीकडून प्रश्न येतो.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या सकाळी. टॅक्सी खाली उभी होती, वहिनी आत बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर बुद्धाची मूर्ती टॉवेलात गुंडाळलेली. सोनवणे क्वीन्सटाउनच्या उकाड्यात टेक्सासच्या थंडीचं जाकीट अंगात घालून कॉफी शॉपमध्ये आले. मी आणि अंकल टॅन नेहमीच्या टेबलावर होतो. नाश्ता मागवून झाला होता, पैजेचा, आणि अंकल पाकीट काढून बसले होते.

सोनवण्यांनी त्यांचा हात बाजूला केला.

"यू विन, आय पे," अंकल म्हणाले. "फेअर इज फेअर."

"काडतुसाची पैज मी जिंकलो," सोनवणे मला म्हणाले. "दुसरी हरलो. ती दोन वर्षांपूर्वी लावली होती, तेव्हा पंच नव्हता. यांना सांगा."

मी अंकलना सांगितलं. त्यांनी पाकीट खिशात ठेवलं आणि फक्त मान हलवली.

सोनवणे उभ्या उभ्याच कॉफी प्यायले, कप पुसून बशीत ठेवला आणि काउंटरकडे गेले. मध्यंतरी कॉफी कपामागे दहा सेंटने वाढली होती. कॉफीवाल्या आंटीला त्यांनी अकरा डॉलर सत्तर सेंट मोजून दिले.